काचेपलीकडची वेदी

आमच्या वसईच्या माणसाचे मुंबईशी नाते फार जुने; परंतु ते बाजाराचे, कचेरीचे आणि इस्पितळाचे. पहाटेच्या गाडीने भाजीच्या व फुलांच्या टोपल्या दादरला न्यायच्या आणि उन्हे चढण्याच्या आत घर गाठायचे. नोकरदारांनी सकाळची गाडी पकडायची आणि दिवेलागणीला परतायचे. या नित्याच्या ये-जा करण्यात केवळ चित्रे वा मूर्ती पाहण्यासाठी कोणी वाट वाकडी केली, असे सहसा ऐकिवात नसे. संग्रहालय हा शाळेच्या सहलीचा विषय. तेथे डबा खायचा, मोठमोठ्याने हसायचे आणि शिक्षकांचा ओरडा खायचा, एवढीच त्याची आठवण पुष्कळांच्या गाठी असते. मी काही कलेचा जाणकार नव्हे. रंग आणि रेषा यांची परिभाषा मला आजही नीटशी अवगत नाही. तथापि आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर अशा तीन-चार वास्तूंत घालवलेल्या काही घटकांनी मला जे दिले, ते आपणा वाचकांपुढे ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. त्या घटकांनी मला माझ्या श्रद्धेविषयी काही सांगितले, म्हणूनच हा प्रपंच.

पहिली आठवण वडिलांची. १९६६ सालच्या मे महिन्यात माल लवकर विकला गेला म्हणून ते मला दादरहून पुढे फोर्टात घेऊन गेले. तेव्हाचे 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. हे नाव त्याला १९९८ साली मिळाले. १९०५ साली या वास्तूची कोनशिला बसवली गेली. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने उभारलेल्या या घुमटाच्या इमारतीत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी इस्पितळ होते आणि संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली ती १९२२ साली. यांपैकी काहीही त्या दिवशी आम्हां बापलेकांना ठाऊक नव्हते. वडिलांच्या खांद्यावर रिकामी टोपली होती. ती त्यांनी दारवानाच्या परवानगीने बाहेर ठेवली आणि आम्ही आत गेलो.

सिंध प्रांतातील मीरपूरखास येथल्या विटांच्या स्तूपातून मिळालेल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती तेथे आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीची ती माती. पाय दुमडून, हात मांडीवर ठेवून, पापण्या खाली मिटून बसलेली ती शांत आकृती पाहताच वडिलांनी डोक्यावरची लाल टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडचे जुने लोक देवळाच्या उंबरठ्यावर जसे करीत, अगदी तसे. मला नवल वाटले. रविवारची मिस्सा आणि रात्रीची रोझरी कधी न चुकवणारा हा माणूस येथे टोपी का काढतो? मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "अरे, याच्यापुढे कोणीतरी गुडघे टेकले असतील ना? त्यांच्यासाठी काढली." एवढे बोलून ते पुढे चालू लागले.

वडील चौथीपर्यंत शिकलेले. परंतु संग्रहालयात कसे वागावे याचा इतका नेमका धडा मला नंतर कोणत्याही पुस्तकात आढळला नाही. काचेआड ठेवलेल्या वस्तूचे एक पूर्वायुष्य असते. कोणीतरी ती घडवलेली असते आणि कोणीतरी तिच्यापुढे आपले दुःख सांगितलेले असते. ती माणसे गेली, वस्तू उरली. पाहणाऱ्याने त्या गेलेल्या माणसांची आठवण ठेवावी, एवढेच ते सांगत होते.

दुसरी आठवण आईची. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा जुन्या गोव्यात २००४ सालच्या अखेरीस झाला, तेव्हा आमच्या धर्मग्रामातून भाविकांची एक बस गेली होती. आई तेव्हा ऐंशीच्या घरात पोहोचलेली, पण तिने हट्ट धरला. दर्शन झाल्यावर बाकीची मंडळी खरेदीला पांगली आणि मी आईला घेऊन चढावरच्या सांता मोनिका मठाकडे गेलो. १६०६ साली बांधायला घेतलेला आणि १६२७ साली पुरा झालेला हा धर्मभगिनींचा प्रचंड मठ. त्याच्या आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली ते प्रथम राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ साली येथे आले. अलीकडे मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली ते पुन्हा उघडले आहे. आम्ही पाहिले ते त्याचे पूर्वीचे रूप.

आत शिरताच आईने पदर डोक्यावर घेतला. चोहीकडे जे होते ते सारे तिच्या ओळखीचे होते. धर्मगुरूंची भरजरी वस्त्रे, चांदीचे क्रूस, मिरवणुकीचे दिवे, लाकडी संत, हस्तिदंताचे बाळ येशू. कुठल्याशा मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी सॅक्रिस्टीचे कपाट उघडावे, तसे तिला वाटले असावे. पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे एक चांदीचे पात्र तेथे आहे. आपल्या चोचीने छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा हा पक्षी. ख्रिस्ताच्या आत्मार्पणाचे ते जुने प्रतीक. या पात्रात पवित्र साक्रामेंत ठेवीत असत, हे मी आईला समजावून सांगितले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने तेथल्या सेवकाला अगदी सहज विचारले, "बाळा, मेणबत्ती कोठे लावायची?"

तो तरुण ओशाळला. येथे मेणबत्ती लावत नाहीत, असे त्याने कोंकणीत आर्जवाने सांगितले. आईला ते कळले, पटले मात्र नाही. ती मला हळूच म्हणाली, "इतकी वर्षे याच्यापुढे दिवा असेल. आता याला एकटे वाटत नसेल का रे?"

या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? वस्तू जपायची तर धूर, तेल, मेण आणि हजारो हातांचा स्पर्श यांपासून तिला दूर ठेवले पाहिजे, हे खरेच. पावसाळी हवा, वाळवी आणि चोर या तिघांनी कोकणपट्टीतल्या किती देवळांचा ठेवा संपवला, याची गणती नाही. काच नसती तर ते पात्र आईच्या दृष्टीस पडलेच नसते. परंतु काच आली की दिवा गेला, ही आईची खंतही तितकीच खरी होती. मी काही बोललो नाही. आईने काचेसमोर उभे राहून ओठ हलवले, क्रुसाची खूण केली आणि आम्ही पुढे झालो.

पुढे हस्तिदंती मूर्ती होत्या. सतराव्या शतकात गोव्यात अशा मूर्ती फार मोठ्या संख्येने घडल्या आणि जहाजांतून युरोपात गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही त्या आज पाहायला मिळतात. त्यांपैकी 'उत्तम मेंढपाळा'चा प्रकार विलक्षण आहे. एका उंच खडकावर बाळ येशू बसलेला असतो. अंगावर मेंढपाळाचा पोशाख, खांद्यावर नि मांडीवर मेंढरू. खाली खडकाच्या कपारींतून झरा वाहतो, मेंढरे पाणी पितात आणि तळाच्या गुहेत मरिया माग्दालेना पहुडलेली असते. बाळाचे डोळे मिटलेले, मस्तक एका हातावर टेकलेले. युरोपातल्या मेंढपाळाच्या चित्रांत ही मुद्रा सहसा दिसत नाही. ध्यानस्थ बुद्धाशी तिचे साम्य आहे, असे कलेच्या अभ्यासकांनी नमूद केले आहे. या मूर्ती कोरणाऱ्यांची नावे आज कोणालाही माहीत नाहीत. विषय मिशनऱ्यांनी दिला, नमुना बहुधा परदेशी छापील चित्राचा दिला. परंतु हात येथले होते, आणि ध्यान म्हणजे काय हे त्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. वडिलांनी टोपी काढली होती ती त्या मिटल्या पापण्यांपुढे. त्याच पापण्या आपल्या प्रभूच्या मुखावर पाहून मला काय वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

आई २००९ साली देवाघरी गेली. तिच्या प्रश्नाचे थोडेबहुत उत्तर मला मिळाले ते त्यानंतर चार वर्षांनी, आणि तेही फार दूर. रोमच्या यात्रेला गेलो असताना एक दिवस आम्ही काही जण फ्लोरेन्स शहरी गेलो. इतर मंडळी मोठे कॅथेड्रल पाहत असता मी सान मार्को या जुन्या डॉमिनिकन मठात गेलो. आता ते संग्रहालय आहे; १८६९ सालापासून. पंधराव्या शतकात, साधारणपणे १४४० च्या आसपास, याच मठात राहणाऱ्या फ्रा अँजेलिको या व्रतस्थ चित्रकाराने आपल्या सहकाऱ्यांसह येथल्या भिंती रंगवल्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८२ साली त्याला धन्य घोषित केले आणि दोन वर्षांनी कलावंतांचा आश्रयदाता म्हणून त्याचे नाव दिले.

वरच्या मजल्यावर व्रतस्थांच्या चाळीसहून अधिक खोल्या आहेत. खोली कसली, एक खाट आणि एक मेज मावेल एवढी जागा. प्रत्येक खोलीला एक लहानशी खिडकी आणि एक भित्तिचित्र. भिंतीला जणू दोन खिडक्या. एक बाहेर पाहण्यासाठी आणि दुसरी प्रभूच्या जीवनात डोकावण्यासाठी. ही चित्रे प्रदर्शनासाठी काढलेलीच नव्हती. त्या खोलीत राहणाऱ्या एकट्या माणसाने आयुष्यभर, पहाटे नि रात्री, त्या एकाच चित्रापुढे प्रार्थना करावी म्हणून ती काढलेली. एका खोलीत प्रभूच्या विटंबनेचे चित्र आहे. प्रभूच्या डोळ्यांवर पट्टी. त्याला मारणारे शिपाई दाखवलेलेच नाहीत. दिसतात ते हवेत तरंगणारे नुसते हात आणि थुंकणारे एक मस्तक. खाली एका बाजूस पवित्र मरिया बसली आहे आणि दुसऱ्या बाजूस संत डॉमिनिक मांडीवर पुस्तक ठेवून वाचत आहे. क्रौर्याचे चित्र इतके निःशब्द असू शकते, याची मला कल्पना नव्हती.

परंतु मला सांगायचे आहे ते जिन्याविषयी. जिना चढून वर येताच समोरच्या भिंतीवर देवदूताच्या निरोपाचे सुप्रसिद्ध चित्र आहे. साध्या कमानींच्या ओसरीत साध्या बाकावर बसलेली मरिया, तिच्यापुढे किंचित वाकलेला देवदूत. चित्राच्या तळाशी लॅटिन भाषेत एक सूचना लिहिलेली आहे. तिचा आशय असा : कुमारी मातेच्या या प्रतिमेपुढून जाताना 'आवे' म्हणायला विसरू नका. पावणेसहाशे वर्षांपूर्वी ती व्रतस्थांसाठी लिहिली गेली. मठाचे संग्रहालय झाले, तिकिटाची खिडकी आली, पहारेकरी आले. तरीही ती ओळ तेथेच आहे. भिंत स्वतःच येणाऱ्याला प्रार्थना करायला सांगते आहे. माझ्या आजूबाजूला जपानी, जर्मन, अमेरिकन प्रवासी उभे होते. मी मनातल्या मनात मराठीतून 'नमो मरिया' म्हटला, आणि तो आईच्या वतीने म्हटला. मेणबत्ती कोठे लावायची, असे तिने विचारले होते. ती पाहणाऱ्याच्या आतच लावायची असते. काच तेवढ्याला आडवी येत नाही.

तिसरे दर्शन पुन्हा आपल्या मातीतले. २०१६ साली गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात मी आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे पाहिली. हा कलावंत जन्माने गोव्याचा, १९०२ सालचा. परंतु त्याच्या आयुष्याचा मोठा काळ पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेला. वैद्यकीचे शिक्षण सोडून तो चित्रकलेकडे वळला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत काही काळ शिकला आणि तेथून शांतिनिकेतनला गेला. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांचे मार्गदर्शन त्याला लाभले. बंगालच्या पद्धतीने पाण्याचे हात देत, फिकट होत गेलेल्या रंगांत त्याने जन्मभर ख्रिस्ती विषय रंगवले. त्याची मरिया साडी नेसते, जमिनीवर बसते. तिचे पाय अनवाणी असतात आणि वर्ण सावळा असतो.

हे चित्र तेव्हाच्या गोव्याला रुचले नाही. युरोपीय चेहऱ्याची मरिया पाहण्याची सवय जडलेल्या अनेकांना साडीतली मरिया हा अवमान वाटला. टीका झाली आणि त्याने गोवा सोडला. १९६७ साली तो वारला, तेव्हा त्याच्या चित्रांचा मोठा साठा घरातच होता. त्याच्या पत्नीने तो कित्येक दशके निष्ठेने सांभाळला आणि पुढे पर्वरीच्या या केंद्राकडे सोपवला. एका स्त्रीने आपल्या घराच्या चार भिंतींत एकटीने चालवलेले ते संग्रहालयच नव्हते काय?

त्या चित्रांपुढे मी उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात कलेचा विचार फारसा आला नाही. एक मरिया मूल मांडीवर घेऊन ज्या तऱ्हेने बसली होती, त्या तऱ्हेने माझी आई ओटीवर बसत असे. लुगड्याचा काठ तसाच गुडघ्यावर ओढलेला. नाझरेथची ती तरुण स्त्री आशियातलीच होती, चुलीपाशी बसणारी आणि विहिरीवर जाणारी होती, हे आपण प्रवचनांत ऐकतो. पण डोळ्यांना ते पटण्यासाठी कोणीतरी ते रंगवावे लागते. आणि रंगवणाऱ्याला त्यासाठी कधी गाव सोडावे लागते.

आता घरच्या गोष्टीकडे येतो, कारण या सगळ्या पाहण्याचा कस तेथेच लागला. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका धर्मग्रामात देवळाची डागडुजी निघाली. माळ्यावर एक लाकडी मूर्ती सापडली. हात तुटलेला, पायथ्याला वाळवी, अंगावर तैलरंगाचे चार थर. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन गेला आणि त्याने रोख रक्कम देऊ केली. तेवढ्यात फायबरची नवी, चकचकीत मूर्ती येईल, असा हिशेब सभेत मांडला गेला. मांडणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. देऊळ सुंदर दिसावे हीच त्यांची इच्छा होती. मला पाहुणा म्हणून बोलावले होते. मी म्हटले, विकण्याआधी निदान ही काय आहे ते पाहू या.

पाहिले, तेव्हा पुष्कळ गोष्टी ध्यानी आल्या. आपल्या देशात १९७२ साली पुरातन वस्तूंविषयी केंद्रीय कायदा झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती त्याच्या कक्षेत येते; तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. ख्रिस्तसभेचा नियम याहून जुना आणि अधिक जवळचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात धर्माध्यक्षांना बजावले आहे की, मोलाच्या पवित्र वस्तू विकल्या जाऊ नयेत वा विखुरल्या जाऊ नयेत. १९८३ च्या धर्मसंहितेत तर असे आहे की, प्राचीनतेमुळे, कलेमुळे किंवा भक्तीमुळे मौल्यवान ठरलेल्या देवळातल्या प्रतिमेची साधी दुरुस्ती करायची झाली, तरी धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते आणि त्यांनी ती तज्ज्ञांना विचारून द्यायची असते. देवळाच्या वस्तूंची यादी ठेवावी, असाही त्यात नियम आहे. सभेतल्या बहुतेकांनी हे प्रथमच ऐकले.

मूर्तीची विक्री थांबली. जाणकारांनी पाहून सांगितले की, तैलरंगाच्या थरांखाली जुना मूळ रंग बऱ्याच अंशी शाबूत आहे; पुन्हा रंग देऊ नका, ओलीपासून दूर ठेवा, वाळवीवर उपाय करा. मुंबईच्या वास्तुसंग्रहालयात वस्तूंच्या जतनासाठी स्वतंत्र केंद्र आहे. अशा ठिकाणी सल्ला मागावा, हे आपल्याला सुचत नाही इतकेच.

वसईकराला हा धडा नवा असू नये. १७३९ साली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा तेथल्या चर्चच्या घंटा देशभर गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या आहेत. युद्धात गेलेल्या त्या घंटा निदान देवापुढे टांगल्या गेल्या आणि लोकांनी त्या सांभाळल्या. आपण मात्र शांततेच्या काळात, आपल्या हातांनी, आपल्या पूर्वजांचे संत भंगारात किंवा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात धाडतो.

त्या धर्मग्रामातल्या तरुणांनी नंतर एक वही केली. देवळातली प्रत्येक जुनी वस्तू, तिचे माप, तिचे छायाचित्र, आणि शेवटच्या रकान्यात 'कोणी दिली'. हा शेवटचा रकाना बहुतेक कोराच होता. मग एका रविवारी मिस्सेनंतर वही ओट्यावर ठेवली आणि म्हाताऱ्या माणसांना बोलावले. एका आजीने पितळी समईवर बोट ठेवले. म्हणाली, ही माझ्या सासूने दिली. मुलगा देवीच्या आजारातून उठला म्हणून. कोणी तरी ते लिहून घेतले. आजीने दोनदा वाचून दाखवायला लावले, आणि मगच ती घरी गेली.